आधी कोबी, मग मी

"बाबा, या घरात आधी कोण? मी की कोबी?"

रविवारचं जेवण चाललं होतं. सूप संपलं होतं, भाजलेली कोंबडी अजून यायची होती, आणि मधल्या त्या पवित्र शांततेत मी हा बॉम्ब टाकला. प्रश्न खरं तर माझा नव्हता. इस्क्रा आणि तेओदोरा या माझ्या दोन मैत्रिणींनी शाळेच्या पायऱ्यांवर बसून मला चढवलं होतं. "वर्गात तुझी जीभ फार चालते गं कालिना," इस्क्रा म्हणाली होती, "घरी विचारून दाखव की हिंमत असेल तर!" तेओदोरा तर थेट भित्री भागूबाईच म्हणाली. आता भित्री भागूबाई म्हणवून घ्यायचे माझे दिवस गेले. सप्टेंबरात मी सगळ्या वर्गासमोर भौतिकशास्त्राच्या सरांची फळ्यावरची चूक दाखवली, तेव्हापासून माझा आवाज एक पट्टी वर चढलाय आणि तो खाली उतरायचं नाव घेत नाही.

बाबांनी चमचा खाली ठेवला, मिशी पुसली आणि विचार केला. अगदी खरा, मनापासून विचार केला. हेच मला सगळ्यात जास्त लागलं.

"कोबी," बाबा म्हणाले, "उलट बोलत नाही."

आई हसली. मी नाही हसले. माझ्या कानशिलांत तेव्हा जो जाळ पेटला, तो जर का गॅरेजमध्ये नेता आला असता, तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं.

कारण भांडण गॅरेजचं होतं. गॅरेज म्हणजे गाडी ठेवायची जागा, असं जगात कुठेतरी असेल. सर्बियाच्या आमच्या या डोंगराळ कोपऱ्यात गाडी रस्त्यावर बर्फाखाली उभी असते आणि गॅरेजमध्ये राहतो कोबी. मोठ्ठ्या निळ्या पिंपात, मिठाच्या पाण्यात बुडवलेले अख्खे गड्डे, वर लाकडी फळी, फळीवर नदीतला धोंडा. शरद ऋतूत तो घालायचा आणि हिवाळाभर खायचा. पिंपाला खाली तोटी असते. बाबा रोज सकाळी कामावर जायच्या आधी तोटीतून पाणी काढतात आणि वरून पुन्हा ओततात, म्हणजे कोबी सगळीकडून सारखा आंबतो. ओतताना त्याच्याशी बोलतात. "काय, कसं काय? थंडी वाजत नाही ना?" असं मी माझ्या कानांनी ऐकलंय. मला हा प्रश्न त्यांनी शेवटचा कधी विचारला ते मला आठवत नाही. बहुधा मला गोवर झाला होता तेव्हा.

त्याच गॅरेजच्या कोपऱ्यात, खोक्यांमध्ये, तुकड्या-तुकड्यांत माझी मोपेड होती. आजोबांची मोपेड. ते गेल्यावर ती गंजत पडली होती, ती मी उन्हाळ्यात सगळी खोलली, एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला, पुसला, कागदात गुंडाळून नाव लिहून ठेवला. जोडायला घेतली आणि थंडी पडली. आमच्याकडची थंडी म्हणजे, पाना हातात धरला की हाताला चिकटतो आणि सोडवताना कातडीचा हिस्सा मागतो. कार्बुरेटरच्या आतली पितळी नळी तांदळाच्या दाण्याएवढी. हातमोजे घातले तर ती धरता येत नाही, काढले तर बोटंच जागेवर राहत नाहीत. आणि बाबांनी तर फर्मान काढलं होतं: "स्लावापर्यंत हे लोखंड दोन चाकांवर उभं राहून निदान एकदा तरी फुरफुरलं पाहिजे. नाहीतर भंगारवाला घेऊन जाईल. मला तिथे पेयांचे क्रेट ठेवायचेत."

स्लावा म्हणजे आमच्या कुळाच्या संताचा दिवस. आमचा संत निकोला, डिसेंबरातला. त्या दिवशी कुणाला निमंत्रण नसतं, सगळे आपणहून येतात. निमंत्रणच नसल्यामुळे "येऊ नका" असंही कुणाला सांगता येत नाही.

तर जेवणाच्या टेबलावर मी सांगितलं, की मला गॅरेज गरम करून पाहिजे. मी नकाशासुद्धा काढला होता. जुनी शेगडी, तिचं धुराडं भिंतीतल्या जुन्या भोकातून बाहेर, दाराला आतून जाड गालिचा, आणि शेगडीच्या मागे अगदी खाली हवा आत यायला एक वीतभर झरोका. विस्तवाला हवा लागते हे तिसरीच्या पोरालाही कळतं.

बाबांनी नकाशा पाहिला. म्हणजे त्यावर कॉफीचा कप ठेवला.

"हं," ते म्हणाले, "बघू आपण."

हे "आपण" ऐकलं आणि मी नकाशा कपाखालून ओढून घेतला. आमच्या घरात "तू कर" म्हटलं की काम होतं. "मी करतो" म्हटलं की काम लांबतं. आणि "आपण बघू" म्हटलं की संध्याकाळपर्यंत गल्लीतले सगळे बाप्ये दारात उभे.

पहिला आला बोरिवोये. तो बाबांचा कूम, म्हणजे लग्नात त्यांच्या बाजूने साक्षीला उभा राहिलेला माणूस. आमच्याकडे सख्खा भाऊ रुसला तर एकवेळ चालतं, कूम रुसून चालत नाही, त्यामुळे त्याची कुठलीच गोष्ट नाकारता येत नाही. या वेळी तो गाडीच्या टपावर बांधून एक काळीकुट्ट, पोट सुटलेली पत्र्याची शेगडी घेऊन आला.

"रादिसाव!" तो बाबांना दुरूनच ओरडून म्हणाला. "शोधू नकोस! ही घे! माझ्या सासऱ्याने हिच्यावर अख्खं घर तापवलं होतं!"

"कुठलं घर, बोरा काका?" मी विचारलं.

"वरच्या आळीतलं. आता नाहीये ते. जळलं."

मी बाबांकडे पाहिलं.

"शेगडीने नाही गं!" बोरा काका दुखावला. "विजेच्या तारांनी जळलं. शेगडीला काही झालं नाही, बघ की! यावरूनच कळतं कसली मजबूत आहे."

या तर्कावर बोलायची संधीही नव्हती. शेगडी आत आली, बाबा आणि बोरा काका गुडघ्यांवर बसले, आणि बाबांनी मागे न बघता हात लांब करून म्हटलं, "कालिना, टॉर्च धर."

जगातल्या प्रत्येक मुलीने ही टॉर्च धरलेली आहे. तुम्हीही धरली असेल. प्रकल्प तुमचा, नकाशा तुमचा, बोटं गारठलेली तुमची, आणि तुमच्या वाट्याला टॉर्च. बरं, ती धरूनही धड नाही. "इकडे नाही, तिकडे. तिकडे नाही गं, जिथे मी बघतोय तिथे!" बाबा कुठे बघताहेत हे त्यांच्या टकलाच्या मागच्या बाजूवरून मला कसं कळणार? मी रागाने टॉर्च सरळ छतावर मारली. "हे बघ," बाबा बोरा काकाला म्हणाले, "आजकालच्या मुलांचं लक्ष म्हणून नसतं."

दुसरे आले शेजारचे तिहोमिर काका. हे निवृत्त आहेत. आयुष्यभर काय काम करत होते ते कुणाला नक्की ठाऊक नाही, पण आता ते सल्ले देतात. कुंपणावरून त्यांनी आमचं धुराडं पाहिलं, दारातल्या फटी पाहिल्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"रादिसाव, अरे इथे झुळूक आहे!"

झुळूक म्हटलं की कविता करणाऱ्यांना काहीतरी छान आठवत असेल. आमच्या गावात झुळूक म्हणजे मृत्यू. आमची माणसं युद्धातून परत येतात, दरीत गाडी कोसळूनही परत येतात; पण समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या आणि मधून वारा वाहिला, तर संपलंच. मान आखडते, मूत्रपिंड बिघडतात, तोंड वाकडं होतं, दात पडतात. माझी आई झोरित्सा आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. रोज लोकांना इंजेक्शनं देते, जंतू म्हणजे काय ते समजावून सांगते, आणि घरी आली की आधी खिडक्या तपासते. शास्त्र तिने दारातल्या पायपुसण्यावर झटकून ठेवलेलं असतं.

"फटी बुजवा," आई म्हणाली. "पोरगी तिथे तासन् तास बसणार आहे."

झालं. तिहोमिर काका घरून पिवळा फोम भरलेला बंदुकीसारखा डबा घेऊन आले आणि गॅरेजला भिडले. दाराच्या फटी, खिडकीच्या फटी, विटांमधल्या फटी, जिथे फट नव्हती पण पुढेमागे पडू शकली असती तिथेही. मग त्यांना शेगडीमागे बोरा काकाने माझ्या आग्रहाखातर पाडलेला वीतभर झरोका दिसला.

"काका, तो राहू द्या!" मी ओरडले. "तो हवेसाठी आहे! विस्तवाला हवा लागते!"

"बाळ," तिहोमिर काका फार गोड आवाजात म्हणाले, "विस्तवाला लाकडं लागतात." आणि फस्सकन फोम मारला.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "टॉर्च."

शेगडी पेटवली तो प्रसंग मी मरेपर्यंत विसरणार नाही. बोरा काकाने राकियाची, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या कडक दारूची, बाटली उघडली, सगळ्यांनी पेले उंचावले, बाबांनी काडी ओढली. शेगडीने एकदा आत श्वास घेतला, दुसरा घ्यायला हवाच शिल्लक नव्हती, तेव्हा तिने शहाणपणाने सगळा धूर बाहेर आमच्याकडे सोडून दिला. क्षणात कुणाला कुणी दिसेना. धुराच्या त्या ढगात तीन मोठे पुरुष खोकत होते, डोळे चोळत होते, एकमेकांना धडकत होते. आणि मी हातात टॉर्च घेऊन, दीपस्तंभासारखी.

मी सरळ जाऊन दोन्ही दारं सताड उघडली.

आणि त्या ढगातून, खोकल्याच्या उबळीतून, तिघेही एका सुरात किंचाळले, "बंद कर! झुळूक!"

मी शपथ घेऊन सांगते, अगदी अस्संच. माणसं गुदमरायच्या बेतात होती, नाकातून काजळी गळत होती, पण मानेला वारा लागता कामा नये. मी दारं उघडीच ठेवली. तिहोमिर काकांनी मफलर डोक्यावरून घेतला आणि ते घरी पळाले. रात्री त्यांची मान आखडली. ती कशाने आखडली असेल? धुरामुळे? भिंतीला फोम मारताना तास-दोन तास वाकडी केल्यामुळे? छे. माझ्यामुळे. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत हीच बातमी झाली, की रादिसावच्या पोरीने तिहोमिरला झुळुकीत उभं केलं.

यानंतर ठरलं, दोष धुराड्याचा. मी म्हणत होते हवेचा, पण माझं कोण ऐकतं? धुराडं तपासायला अधिकृत धुराडेवाला हवा, त्यासाठी नगरपालिकेत अर्ज. मी शाळेतून येताना कचेरीत गेले. खिडकीमागच्या बाई पाव खात होत्या.

"धुराडं कशावर बसवलंय?"

"गॅरेजवर."

त्यांनी संगणकात पाहिलं. "तुमच्या आवारात गॅरेज नाही."

"आहे की! मी रोज तिथे गोठते!"

"इथे कोंबड्यांचं खुराडं लिहिलंय. खुराड्याला धुराडं मंजूर होत नाही." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून, "वडील नाहीत का घरी?"

वडील घरी नव्हते. वडील त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, पाणीपुरवठ्याच्या खात्यात बसून बाहेर बर्फ पडताना बघत होते. मी तणतणत वर गेले, त्यांना हाताला धरून खाली आणलं. बाईंनी बाबांना कॉफी दिली, आपल्या सुनेची तब्येत कशी आहे ते सांगितलं, आणि म्हणाल्या, "खुराडं आहे हो तुमचं, मी काय करू?" बाबांनी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बघितलंस? माणसांशी कसं बोलायचं असतं ते." काम तर माझ्याइतकंच झालं होतं! म्हणजे शून्य! फक्त त्यांना कॉफी मिळाली होती.

अखेर बोरा काकाने ओळखीने धुराडेवाला आणला. काळा पोशाख, खांद्यावर दोरी आणि ब्रश. आता धुराडेवाला दिसला की आमच्याकडे झटकन स्वतःच्या कपड्याचं बटण पकडायचं असतं, म्हणजे नशीब उजळतं. तो फाटकातून आत शिरला मात्र, बाबांनी शर्टाचं बटण धरलं, बोरा काकाने कोटाचं धरलं, मान वाकडी असलेल्या तिहोमिर काकांनी स्वेटरचं इतक्या जोरात धरलं की ते तुटून हातात आलं. आईने तर दोन्ही हातांनी दोन बटणं धरली. धुराडेवाला शिडी लावायला कुणीतरी मदत करेल म्हणून उभा राहिला. कुणाचाही हात रिकामा नव्हता. माझ्या जॅकेटला चेन, त्यामुळे शिडी मी धरली.

त्याने वर जाऊन ब्रश फिरवला, खाली येऊन राकिया घेतली, येत्या वर्षाचं एक कॅलेंडर दिलं, "धुराडं झकास आहे, लाकडं ओली असतील" असं म्हणाला आणि गेला. लाकडं तीन वर्षांपूर्वीची होती. वाजवली की खणखणत होती.

मग मात्र माझा संयम संपला. शनिवारी आई-बाबा आठवड्याच्या बाजाराला गेले तेव्हा मी इस्क्रा आणि तेओदोराला बोलावलं. तिघींनी मिळून तिहोमिर काकांचा फोम स्वयंपाकघरातल्या सुरीने खरवडला, झरोका मोकळा केला, आणि कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून समोर जरा अंतरावर एक फळी तिरकी उभी केली. मग मी काडी ओढली.

अहाहा! शेगडी अशी गुरगुरायला लागली, जशी काही मांजर मांडीवर बसली आहे. धुराचा मागमूस नाही. हळूहळू भिंतींवरचं बर्फ घामासारखं ओघळलं. मी हातमोजे काढले. बोटं! मला बोटं होती! मी कार्बुरेटर उघडला, ती पितळी नळी दोन बोटांत धरून प्रकाशासमोर धरली, तिच्यातून आरपार पाहिलं. तेओदोराने टॉर्च धरली होती, पण मी तिला "प्लीज" म्हटलं होतं. तीन मुली, एक शेगडी, भाजलेले बटाटे. असं वाटलं, आता जगात काहीही जोडता येईल.

बाजारातून बाबा आले. दारातच थबकले. हात पुढे करून ऊब चाचपली. आणि त्यांनी बोरा काकाला फोन लावला: "अरे ये, ये! चालली शेगडी!"

शेगडी का चालली याची कारणं त्या संध्याकाळी अशी ठरली. बोरा काकाच्या मते शेगडीच मुळात जातिवंत. तिहोमिर काकांच्या मते फटी बुजवल्यामुळे. आईच्या मते बटणांमुळे. मी फळी बाजूला करून झरोका दाखवला, तर तिहोमिर काका म्हणाले, "अरेच्चा, फोम उंदरांनी खाल्ला वाटतं," आणि डबा आणायला निघाले. मी झरोक्यासमोर हात पसरून उभी राहिले. "हात लावून दाखवा, काका," मी म्हणाले. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, ते खाली बसले.

खाली बसले ते बसलेच. खरा घात इथे झाला. गरम गॅरेज म्हणजे आयतं बीळ, आणि नागोबा एक नव्हे, गल्लीभर. दुसऱ्या दिवशी बोरा काका जुना सोफा घेऊन आला. तिसऱ्या दिवशी पत्त्यांसाठी टेबल आलं. मग रेडिओ. मग कोपऱ्यावरच्या घरातले ते दोघे भाऊ, जे एकमेकांशी बोलत नाहीत, पण आमच्या गॅरेजमध्ये भागीदार म्हणून खेळतात. रोज संध्याकाळी राकिया, पत्ते, आरडाओरडा, "टाक रे लाकूड!" शेगडी लालबुंद. मी शाळेतून येऊन पाहते तर माझ्या खोक्यांवर बोरा काकाचे बूट वाळत घातलेले.

एके दिवशी मोपेड आत नव्हतीच. सांगाडा, चाकं, खोकी, सगळं बाहेर, अंगणात, प्लास्टिकच्या कागदाखाली. कागदावर बर्फ.

"बाबा!!"

"अगं थोडे दिवस," बाबा पत्त्यांवरून नजर न काढता म्हणाले. "टेबल बसत नव्हतं. आणि ओरडू नकोस, दार लाव आधी. झुळूक येते."

मी बर्फात उभी होते. दाराच्या आत माझी ऊब होती. माझा झरोका होता. तिथे माझ्या शेगडीवर माझ्याच बटाट्यांच्या जागी ते लोक कांदे भाजत होते. त्या वेळी मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. इस्क्राला सांगितलं तेव्हा तिने ते वहीत उतरवून घेतलं.

तरी मी एक गोष्ट केली, जी त्यांच्यापैकी कुणीच करत नव्हतं. मी कोबीकडे पाहिलं. बाबांनी त्याचं पाणी काढणं-ओतणं कधीच सोडून दिलं होतं. सकाळी त्यांना पत्त्यांच्या जागरणाची झोप यायची. पिंप शेगडीपासून चार पावलांवर, बिचारं घामाघूम. पाण्यावर फेस, वास वेगळाच. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्या कोबीची दया आली. आमच्या घरात आता आधी पत्ते होते. कोबी आणि मी, दोघंही बाहेरचे.

"बाबा, कोबीला बुडबुडे येताहेत. त्याला गारवा लागतो ना?"

"कोबी आंबतोय, बुडबुडणारच. जरा टॉर्च धर, बदामचा राजा सोफ्याखाली गेलाय."

मी टॉर्च धरली. शेवटची.

स्लावाच्या आदल्या दुपारी आई हातात परात घेऊन गॅरेजमध्ये गेली. संत निकोलाचा दिवस उपासाच्या काळात येतो, त्यामुळे मांस नाही. मासे, आणि सार्मा. सार्मा म्हणजे त्या आंबलेल्या कोबीच्या पानात भात आणि अक्रोड घालून वळलेल्या गुंडाळ्या. सार्माशिवाय स्लावा म्हणजे नवऱ्यामुलाशिवाय लग्न. आईने धोंडा उचलला, फळी काढली, बाह्या वर करून हात आत घातला, गड्डा धरला आणि वर काढला. वर आली फक्त तिची मूठ. बोटांमधून खिमट गळत होतं.

मग आईचा आवाज असा आला की छतावरचं बर्फ घसरून अंगणात पडलं.

"रादिसाव! हा काय कोबी आहे? हे बाळाला भरवायचं की भिंतीला लावायचं? उद्या माझ्या दारात पन्नास माणसं उभी राहणार, त्यांना मी काय वाढू? तुमचे पत्ते वाढू? पानात गुंडाळून?"

"झोरित्सा, अगं उष्णतेमुळे..."

"उष्णता कुणी केली?"

इथे सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. हो! माझ्याकडे! शेगडी बोरा काकाची होती, फोम तिहोमिर काकांचा होता, नशीब बटणांचं होतं, आणि उष्णता मात्र माझी!

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले. माझा आवाज खाली आला नाही. "बुडबुडे येताहेत म्हणून सांगितलं होतं. तेव्हा मला राजा शोधायला लावलं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग पत्त्यांकडे. मग तिने पत्त्यांचा तो अख्खा डाव उचलला आणि शेगडीत टाकला. "चला," ती पुरुषांना म्हणाली. "एकेक भांडं घ्या. गल्लीतल्या प्रत्येक दारात जायचं आणि कोबी मागायचा. तोंडाने मागायचा. मी मागे उभी राहणार आहे." आणि ती वरात बर्फातून निघाली, पुढे परात घेतलेले बाबा, मागे बोरा काका, वाकड्या मानेचे तिहोमिर काका, आणि सगळ्यात मागे आई, मेंढपाळासारखी.

घर रिकामं झालं. मी इस्क्राला फोन केला. "तेओदोराला घेऊन ये," मी म्हणाले. "आणि बूट पुसून या. दिवाणखान्यात जायचंय."

दिवाणखाना आमच्याकडे फक्त स्लावाला उघडतात. इस्त्री केलेले पडदे, भिंतीवर संताची तसबीर, लांबच लांब टेबल, पांढरी चादर. आम्ही तिघींनी सांगाडा पायऱ्यांवरून वर आणला. गालिच्यावर वर्तमानपत्रं पसरली. इथे ऊब होती, उजेड होता, टॉर्चसुद्धा लागत नव्हती. इस्क्रा चाकं धरत होती, तेओदोरा कागदांवरची नावं वाचून भाग हातात देत होती. तार, नट, साखळी, कार्बुरेटर. संत निकोला वरून बघत होता. त्याची काही हरकत दिसली नाही.

मोपेड दोन चाकांवर उभी राहिली. टाकीत घोटभर पेट्रोल घातलं. "खिडक्या," मी म्हणाले, "सगळ्या उघडा." त्यांनी समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. मी लाथ मारली. काही नाही. परत मारली. फस्स. तिसऱ्या वेळी मी बाबा, बोरा काका, फोम, खुराडं, पाव खाणारी बाई, या सगळ्यांना आठवून लाथ मारली.

फट्. फट् फट् फट् फट्!

निळा धूर उठला, पडदे आडवे उडाले, तेओदोरा किंचाळली, इस्क्रा टेबलावर चढली. मी चावी बंद केली तेव्हा दारात आई-बाबा उभे होते. बाबांच्या हातात परात, परातीत शेजाऱ्यांच्या घरचे घट्ट, पिवळेधमक, निरोगी कोबी. मागे बोरा काका आणि तिहोमिर काका.

बाबांनी पाऊल उचललं. एका खिडकीतून वारा आला, त्यांच्या मिशीला लागला आणि दुसऱ्या खिडकीतून गेला. पाऊल तसंच हवेत राहिलं.

"झुळूक!" तिहोमिर काका पुटपुटले आणि त्यांनी मानेला हात लावला.

चौघांपैकी कुणीही उंबरठा ओलांडला नाही. आई ओलांडेल असं वाटलं होतं. तिने डोक्यावरचा रुमाल घट्ट केला आणि ती जागच्या जागी थांबली. आत मी आणि माझी मोपेड. बाहेर ते आणि कोबी.

मी फडक्याला हात पुसले.

"आई, बाबा, मी ठरवलंय," मी म्हणाले. "ही फुरफुरली, तुम्ही ऐकलंत. भंगारात जाणार नाही. वसंत येईपर्यंत ती इथेच राहील, आणि या खिडक्या मी सांगेन तेव्हाच बंद होतील. उद्याचे पाहुणे गॅरेजमध्ये बसतील. तिथे सोफा आहे, टेबल आहे, ऊब आहे, झुळूक नाही. आणि बाबा, कोबी खाली ठेवा. मला मागचा ब्रेक बसवायचाय. आत या आणि टॉर्च धरा."